नाव कळले म्हणजे ओळख पटली काय? : रोगकारक यीस्ट, शैवाल व मायकोबॅक्टेरिया यांच्या प्रयोगशालेय ओळखपद्धतींची चिकित्सा

प्रस्तावना

रुग्णाच्या रक्तातून, थुंकीतून किंवा जखमेतील पुवातून वाढविलेल्या सूक्ष्मजीवाला नाव देणे हे निदानविषयक सूक्ष्मजीवशास्त्राचे प्रमुख कार्य होय. हे नाव अहवालावर दोन लॅटिन शब्दांत छापले जाते आणि त्यावरून डॉक्टर औषध ठरवितात. अहवाल वाचणाऱ्याच्या दृष्टीने ते नाव म्हणजे वस्तुस्थिती असते. ते कोणत्या कसोट्यांतून, कोणत्या यादीतून आणि किती खात्रीने निवडले गेले, याचा उल्लेख अहवालात क्वचितच आढळतो. आपल्या पाठ्यपुस्तकांतही ओळखपद्धतींची मांडणी तक्त्याच्या रूपात असते. एका रकान्यात कसोटी, दुसऱ्यात अधिक किंवा उणे चिन्ह आणि तळाशी नाव. तक्ता भरला की ओळख पटली, असा समज विद्यार्थ्यांच्या मनात पक्का होतो व पुढे तोच प्रयोगशाळेत जातो.

प्रस्तुत लेखाचा हेतू या पद्धतींचा परिचय करून देणे हा नसून त्यांमागील गृहीतकांची चिकित्सा करणे हा आहे. त्यासाठी यीस्ट, शैवाल व मायकोबॅक्टेरिया असे तीन गट निवडले आहेत. जीवसृष्टीच्या वर्गीकरणात हे तिन्ही गट एकमेकांपासून फार दूर आहेत. यीस्ट ही एकपेशीय बुरशी, प्रोटोथिका हे शैवाल, तर मायकोबॅक्टेरिया हे जिवाणू. नेहमीच्या जिवाणूंसाठी ठरलेली कसोट्यांची वहिवाट या तिघांनाही लागू पडत नाही, एवढेच त्यांच्यातील साम्य आहे. वहिवाट जिथे संपते तिथे पद्धतीचे दोष उघडे पडतात, म्हणून ही निवड.

लेखातील प्रतिपादन असे की, प्रयोगशाळेतील बहुतेक कसोट्या ‘हा कोण?’ या प्रश्नाचे उत्तर देतच नाहीत. ‘माझ्याजवळील यादीतील कोणाशी याचे सर्वाधिक साम्य आहे?’ या प्रश्नाचे उत्तर त्या देतात. या दोन प्रश्नांतील अंतर अध्यापनात आणि अहवालाच्या भाषेत पुसले जाते आणि त्याची किंमत कधी कधी रुग्णाला मोजावी लागते.

यीस्ट : यादीबाहेरचा पाहुणा

यीस्टच्या ओळखीची पारंपरिक पद्धत डोळ्यांवर अवलंबून होती. संशयित वसाहतीतील पेशी रक्तद्रवात ३७ अंश सेल्सिअस तापमानाला दोन ते तीन तास ठेवावयाच्या आणि पेशीतून नळीसारखा कोंब फुटतो का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे. कोंब फुटला तर कँडिडा अल्बिकन्स, न फुटला तर अन्य जात. ही जर्म ट्यूब कसोटी आजही प्रत्येक महाविद्यालयात शिकविली जाते व तशी ती शिकवावीही, कारण तिला खर्च जवळजवळ नाही. परंतु १९९५ साली कँडिडा डब्लिनेन्सिस ही जात वेगळी ओळखली गेली आणि तीही रक्तद्रवात कोंब काढते असे दिसून आले. म्हणजे तोवर जर्म ट्यूबच्या आधारे ‘अल्बिकन्स’ म्हणून नोंदविलेल्या काही संवर्धनांचे नाव चुकलेले होते. कसोटीत दोष नव्हता. कसोटीचा निकाल जेवढे सांगत होता त्याहून अधिक आपण त्यातून वाचत होतो.

क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्सची कथा याहून सुखद आहे. पेशीभोवतीचे जाड आवरण इंडिया इंकमध्ये प्रकाशवलयासारखे दिसते. त्याशिवाय या यीस्टमधील एक विकर विशिष्ट वनस्पतिजन्य पदार्थांपासून काळपट रंगद्रव्य तयार करते. हे पदार्थ पुरविणारे माध्यम ज्या बियांपासून बनवितात त्या म्हणजे आपले कारळे, आदिवासी पट्ट्यातील खुरासणी. ज्या बियांची चटणी आपल्या जेवणात असते त्याच बिया वाटून केलेल्या आगारवर क्रिप्टोकॉकसच्या वसाहती तपकिरी-काळ्या होतात आणि कँडिडाच्या पांढुरक्याच राहतात. येथे कसोटी जीवाच्या एका खऱ्या, रोगाशी संबंध असलेल्या गुणधर्मावर बोट ठेवते, कारण हेच रंगद्रव्य शरीराच्या संरक्षक पेशींपासून त्या यीस्टचा बचाव करते. अशी कसोटी विद्यार्थ्यांना अर्थासह शिकविता येते. दुर्दैवाने बहुतेक कसोट्या अशा नाहीत.

शर्करांच्या वापरावर आधारलेल्या व्यापारी संचांनी यीस्टच्या ओळखीचे काम सोपे केले, यात शंका नाही. वीस कपांची पट्टी किंवा यंत्रात घालावयाचे कार्ड घ्यावे, कोणती शर्करा वापरली गेली त्याचा सांकेतिक क्रमांक काढावा आणि तो संचाच्या माहितीसाठ्याशी ताडून पाहावा. माहितीसाठ्यात जी जात नाही ती मात्र या पद्धतीला दिसूच शकत नाही. कँडिडा ऑरिसच्या बाबतीत हे कसे घडले ते तपशिलाने पाहणे उद्बोधक ठरेल.

२००९ साली जपानमधील एका वृद्ध स्त्रीच्या कानातील स्रावातून मिळालेल्या यीस्टचे नवी जात म्हणून वर्णन झाले व कानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून तिला ‘ऑरिस’ हे नाव मिळाले. दोन वर्षांनी कोरियातील संशोधकांनी रक्तातील संसर्गाचे तीन रुग्ण नोंदविले. त्यांपैकी एका रुग्णाचे संवर्धन १९९६ सालचे होते. म्हणजे नाव मिळण्याच्या तेरा वर्षे आधीच हा जीव प्रयोगशाळेत येऊन गेला होता. भारतात दिल्लीतील रुग्णालयांमधून मिळालेल्या ऑरिसचा वृत्तांत २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर २०१५ साली दिल्लीतील वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाची फेरतपासणी केली. व्हायटेक यंत्रावर कँडिडा हिम्युलोनाय किंवा कँडिडा फमाटा ठरलेली १०२ संवर्धने त्यांनी डीएनए क्रमाच्या आधारे पुन्हा तपासली. त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक संवर्धने कँडिडा ऑरिसची निघाली.

यंत्र नादुरुस्त नव्हते, ही बाब येथे लक्षात घेतली पाहिजे. यादीत ऑरिस नव्हती, म्हणून यंत्राने यादीतील जवळची नातेवाईक निवडली. हिम्युलोनाय ही जात १९६२ साली बहामा बेटांजवळच्या हिम्युलॉन नावाच्या माशाच्या आतड्यातून प्रथम मिळाली होती. दिल्लीच्या अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या रक्तात माशाच्या आतड्यातील दुर्मीळ यीस्ट वारंवार का सापडावी, हा प्रश्न यंत्राला पडणे शक्य नाही. तो अहवालावर सही करणाऱ्याला पडावयास हवा होता. दुसऱ्या एका प्रचलित पट्टीवर ऑरिसचे नाव ऱ्होडोटोरुला ग्लुटिनिस असे येई. ऱ्होडोटोरुलाच्या वसाहती लालसर-नारिंगी असतात आणि ऑरिसच्या तशा नसतात. बी.एस्सी.चा विद्यार्थीही उघड्या डोळ्यांनी ही विसंगती सांगू शकेल. तरीही क्रमांकाने दिलेले नाव डोळ्यांना दिसणाऱ्या रंगापेक्षा अधिक विश्वसनीय मानले गेले. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकरणातील खरा धडा तांत्रिक नसून हा आहे.

या चुकीने रुग्णाचे नेमके काय बिघडले, हा प्रश्न रास्त आहे. कँडिडा हिम्युलोनायही अनेकदा नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. म्हणून औषधाच्या निवडीपुरती हानी मर्यादित राहिली असेल, असा युक्तिवाद करता येतो. पण मोठी हानी अन्यत्र होती. हिम्युलोनाय क्वचित आणि सुटी सुटी आढळते. ऑरिस मात्र रुग्णाच्या त्वचेवर, खाटेच्या कठड्यावर, उपकरणांवर टिकून राहते आणि एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पसरते. पहिल्या नावाने वॉर्डात कोणतीही हालचाल होत नाही. दुसऱ्या नावाने रुग्णाला वेगळे ठेवणे, शेजारच्या रुग्णांची तपासणी करणे, जंतुनाशक बदलणे अशी कामे सुरू व्हावयास हवीत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१६ साली रुग्णालयांना याबाबत सावध केले आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली रोगकारक बुरशींच्या यादीत ऑरिसला अतिगंभीर गटात स्थान दिले. यंत्रांच्या माहितीसाठ्याच्या पुढील आवृत्त्यांत ऑरिसचा समावेश झाला. म्हणजे ही एक यादी दुरुस्त झाली. यादीतूनच उत्तर निवडण्याची रीत तशीच आहे आणि पुढील अनोळखी जातीच्या बाबतीत हेच पुन्हा घडू शकते.

दरम्यान नावेही बदलत आहेत. ‘एका बुरशीला एकच नाव’ हे तत्त्व २०११ साली मेलबर्न येथे स्वीकारले गेल्यापासून कँडिडा या वंशाची फोड चालू आहे. कँडिडा क्रुसेई आता पिकिया कुद्रियावझेव्ही झाली, कँडिडा ग्लाब्राटा नाकासिओमायसेस वंशात गेली आणि २०२४ साली ऑरिसलाही कँडिडोझायमा हे नवे वंशनाम सुचविण्यात आले. उत्क्रांतीच्या दृष्टीने ही नावे अधिक सत्य आहेत. पण ‘क्रुसेई’ हे नाव वाचताच फ्लुकोनाझोल देऊ नये, हे ज्या डॉक्टरला आठवते त्याला ‘कुद्रियावझेव्ही’ वाचून ते आठवेलच असे नाही. काही वर्षे जुने व नवे नाव शेजारी शेजारी छापावे, हेच शहाणपणाचे.

शैवाल : जे शोधले तेच सापडले

‘शेवाळ’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पावसाळ्यातील निसरडे हिरवे अंगण येते. प्रोटोथिका हे शैवाल असूनही हिरवे नाही. क्लोरेला या परिचित हिरव्या शैवालाचे हे नातेवाईक. मात्र याने हरितद्रव्य गमावले आहे व ते बाहेरच्या सेंद्रिय पदार्थांवर जगते. १८९४ साली झाडांच्या खोडातून झिरपणाऱ्या चिकट स्रावातून त्याचे प्रथम वर्णन झाले. माणसातील पहिला संसर्ग १९६४ साली सिएरा लिओनमधील एका भातशेतकऱ्याच्या पायावरील व्रणात नोंदविला गेला. त्वचेचे चिघळणारे व्रण आणि कोपराच्या सांध्यामागील पिशवीची सूज ही त्याच्या संसर्गाची नेहमीची रूपे. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत तो शरीरभर पसरू शकतो. गाईंमध्ये प्रोटोथिकामुळे कासदाह होतो. त्याला औषध जवळजवळ लागू पडत नाही व बाधित जनावर कळपातून काढावे लागते. या जनावरांतील प्रकाराला २०१९ साली प्रोटोथिका बोव्हिस हे स्वतंत्र नाव मिळाले.

सॅबुरो माध्यमावर प्रोटोथिकाच्या वसाहती दोन-तीन दिवसांत मलईच्या रंगाच्या, मऊ आणि हुबेहूब यीस्टसारख्या वाढतात. ग्राम अभिरंजनात गोलाकार पेशी दिसतात. येथपर्यंत पाहणारा ‘यीस्ट’ असे लिहून थांबतो. खरे पाहता भेद अगदी सोपा आहे. यीस्टच्या पेशीला अंकुर फुटतो, प्रोटोथिकाला तो कधीही फुटत नाही. त्याच्या पेशीचे आतल्या आत विभाजन होऊन अनेक लहान पेशी एका आवरणात दाटीने बसतात. काही पेशींत ही मांडणी फुलाच्या पाकळ्यांसारखी दिसते. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूचा एक थेंब, एक काचपट्टी आणि पाच मिनिटे एवढेच या भेदासाठी लागते. तरीही चूक होते, कारण पाहणारा अंकुर आहे की नाही हे पाहतच नाही. गोल पेशी दिसल्यावर यीस्टच्या कोणत्या जातीची, एवढाच प्रश्न त्याच्या मनात उरलेला असतो.

ऑरिसच्या प्रकरणात यादी अपुरी होती. प्रोटोथिकाच्या प्रकरणात अनेक यीस्ट-संचांच्या यादीत प्रोटोथिका विकरहॅमाय हे नाव होते व आहे, म्हणजे यंत्राने बरोबर नाव दिले असते. पण ते नाव उमटले की, ‘शैवाल? रुग्णाच्या जखमेत? काहीतरी गफलत असावी’ असे वाटून ते बाजूला सारले जाण्याचा धोका असतो. विश्वास ठेवू नये तिथे यंत्रावर ठेवावयाचा आणि ठेवावा तिथे ठेवावयाचा नाही, असा हा उलटा व्यवहार आहे. त्याच्या मुळाशी अभ्यासक्रमाची कप्पेबंद रचना आहे. आपल्याकडे शैवाले वनस्पतिशास्त्राच्या तासाला शिकविली जातात आणि रोगकारक जीव सूक्ष्मजीवशास्त्राच्या तासाला. विद्यार्थ्याला शैवाल रोग करू शकते हे कोणत्याच तासाला कळत नाही.

आणखी एक बाब. जखमेतील वा त्वचेवरील नमुन्यात उपऱ्या बुरशींची गर्दी होऊ नये म्हणून माध्यमात सायक्लोहेक्झिमाइड घालण्याची प्रथा आहे. प्रोटोथिकाची व क्रिप्टोकॉकसची वाढ या द्रव्याने रोखली जाते. म्हणजे ओळखीची पहिली पायरी कसोट्यांच्या तक्त्यात नसून माध्यमाच्या बाटलीतच असते. तिथे जो नाकारला गेला, त्याचे नाव पुढे कितीही प्रगत यंत्र आणले तरी निघणार नाही. ‘बुरशीची वाढ आढळली नाही’ असे लिहिताना कोणत्या माध्यमावर, किती दिवस, हे लिहिण्याची सवय आपल्या अहवालांना का नाही, हे एक कोडेच आहे.

मायकोबॅक्टेरिया : समूहाचे नाव किती पुरेसे?

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्यानंतर लवकरच विकसित झालेले झील-नील्सन अभिरंजन आजही वापरात आहे. कार्बोल फुक्सिनचा लाल रंग उष्णतेने पेशीत शिरतो, मेणचट भित्तिकेमुळे तो आम्लानेही सुटत नाही आणि निळ्या पार्श्वभूमीवर लाल दंडुके दिसतात. परंतु लाल दंडुका म्हणजे क्षयाचा जंतू नव्हे. तो मायकोबॅक्टेरियम वंशातील कोणीही असू शकतो. शिवाय थुंकीच्या दर मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार जंतू असल्याखेरीज ते या पद्धतीने दिसतही नाहीत.

तरीही या अभिरंजनाविषयी तुच्छतेने बोलणे प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. क्षयरोगाचे प्रमाण जिथे मोठे आहे तिथे दीर्घकाळ खोकला असलेल्या रुग्णाच्या थुंकीत लाल दंडुके दिसले, तर तो क्षयरोग असण्याची शक्यता फार मोठी असते. आणि ही तपासणी त्याच दिवशी होते. लोवेनस्टाइन-येन्सेन माध्यमावरील वाढीसाठी सहा ते आठ आठवडे थांबावे लागत असे. तेवढ्या काळात रुग्ण घरातील इतरांना संसर्ग देत राहतो. म्हणून ढोबळ पण तत्काळ नाव हे सूक्ष्म पण उशिराच्या नावापेक्षा येथे श्रेष्ठ ठरते. ओळख किती काटेकोर हवी, हे त्या नावावरून पुढे काय करावयाचे आहे यावर ठरते. वर्गीकरणशास्त्राची कसोटी जशीच्या तशी रुग्णालयाला लावणे योग्य नाही.

२०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने एक्सपर्ट चाचणीला मान्यता दिली आणि चित्र पालटले. दोन तासांत क्षयाच्या जंतूचा डीएनए व रिफाम्पिसिनला होणारा विरोध, दोन्ही कळू लागले. आपल्याकडे ही चाचणी ‘सीबीनॅट’ या नावाने तालुक्यापर्यंत परिचित झाली आहे. गोव्यातील मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट या बॅटरीवर चालणाऱ्या चाचणीलाही २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. ही प्रगती निःसंशय मोठी आहे. पण या चाचण्या कोणते नाव देतात ते पाहिले पाहिजे. त्या ‘मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस समूह’ आढळला एवढेच सांगतात. या समूहात ट्युबरक्युलोसिसखेरीज गाईंकडून येणारा बोव्हिस आहे, ओरिजिस आहे आणि बीसीजी लसीतील जंतूही आहे, कारण तो बोव्हिसचाच दुबळा केलेला वंशज. बोव्हिस आणि बीसीजी पायराझिनामाइड या क्षयावरील मुख्य औषधांपैकी एकाला जन्मतःच दाद देत नाहीत. प्रतिकारशक्तीचा जन्मजात दोष असलेल्या बालकात लसीतील जंतूच पसरला, तरी चाचणीचा अहवाल क्षयरोगाचाच येतो. वेल्लोर येथील संवर्धनांवर आधारित २०२० सालच्या अभ्यासात गाईंचा म्हणून गृहीत धरलेला बोव्हिस सापडला नाही, ओरिजिस मात्र सापडला. प्राण्यांकडून माणसाला होणारा क्षय भारतात बोव्हिसच्या नावाने शोधत राहिल्यास तो सापडणारच नाही, असा याचा अर्थ होतो.

समूहाबाहेरील मायकोबॅक्टेरियांच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट आहे. जुन्या पद्धतीत पॅरा-नायट्रोबेन्झोइक आम्ल असलेल्या माध्यमावर वाढ झाली की ‘क्षयेतर मायकोबॅक्टेरिया’ असे लिहून विषय संपत असे. ‘क्षयेतर’ हे नाव नव्हे, तो नकार आहे. सुमारे दोनशे जाती या एका नकारात बसतात. दुर्बिणीतून केलेल्या पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर टाक्यांच्या जागी महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमा आपल्याकडील शल्यचिकित्सकांच्या परिचयाच्या आहेत. त्यांतून बहुधा फॉर्च्युइटम, कीलोनी किंवा ॲब्सेसस हे झपाट्याने वाढणारे जंतू मिळतात. लाल दंडुके पाहून अशा रुग्णाला क्षयाची औषधे सुरू झाली, तर सहा महिन्यांनीही जखम तशीच राहू शकते. ॲब्सेससपर्यंत पोहोचल्यावरही काम संपत नाही. त्याच्या काही उपजातींत क्लॅरिथ्रोमायसिनचा विरोध करणारे जनुक कार्यक्षम असते, तर मॅसिलिएन्स या उपजातीत तेच जनुक तुटके असते. एकीला औषध लागू पडते, दुसरीला प्रयोगशाळेत तीन दिवसांनी लागू पडतेसे वाटते आणि चौदा दिवसांनी पडत नाही. येथे जातीचे नावही पुरत नाही, उपजात हवी.

मायकोबॅक्टेरियम किमिराचे उदाहरणही थोडक्यात नोंदवावे. २००४ साली ही स्वतंत्र जात ठरली, पण अनेक व्यापारी संच तिला इंट्रासेल्युलेअर असेच म्हणत राहिले. युरोपात हृदयशस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी रुग्ण गंभीर संसर्गाने आजारी पडू लागले, तेव्हा पूर्ण जनुकक्रम वाचल्यावर निरनिराळ्या देशांतील रुग्णांचे धागे शस्त्रक्रियागृहातील रक्ताचे तापमान राखणाऱ्या यंत्रांच्या पाण्याशी जुळले. इंट्रासेल्युलेअर या ढोबळ नावाखाली हे रुग्ण एकमेकांशी संबंध नसलेलेच राहिले असते.

नवे यंत्र, तोच प्रश्न

या सर्व अडचणींवर मॅल्डी-टॉफ हे यंत्र उतारा म्हणून पुढे केले जाते. जीवाच्या प्रथिनांच्या वस्तुमानांचा आलेख काढून तो संग्रहातील आलेखांशी ताडला जातो व काही मिनिटांत नाव मिळते. यीस्टच्या ओळखीत या यंत्राने खरोखर क्रांती केली. मायकोबॅक्टेरियांसाठी मात्र जंतू आधी निर्जीव करून, सूक्ष्म मण्यांनी त्यांची मेणचट भित्तिका फोडून प्रथिने बाहेर काढावी लागतात आणि क्षयसमूहातील जाती त्यालाही वेगळ्या सांगता येत नाहीत. या यंत्राचा एक गुण मात्र आवर्जून सांगितला पाहिजे. ते नावासोबत साम्याचा गुणांक देते आणि साम्य पुरेसे नसेल तर सहसा ‘विश्वसनीय ओळख नाही’ असे कबूल करते. ही कबुली अहवालापर्यंत पोहोचत नाही, हा यंत्राचा दोष नव्हे.

डीएनए क्रम हा अंतिम निवाडा मानण्याची प्रवृत्तीही तपासून घ्यावी लागेल. मायकोबॅक्टेरियम कॅन्सासाय हा फुफ्फुसाचा रोग करणारा आणि गॅस्ट्राय हा सहसा निरुपद्रवी, या दोघांचा १६-एस आरएनएचा क्रम एकसारखा आहे. केवळ त्यावर विसंबणाऱ्याला हे दोन जीव एकच दिसतील. बुरशींच्या सार्वजनिक डीएनए संग्रहातील सुमारे वीस टक्के नोंदींवरील जातीचे नाव चुकीचे असू शकते, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले होते. संग्रह सुधारले आहेत, पण आपण क्रम ताडून पाहतो तो शेवटी कोणीतरी लावलेल्या चिठ्ठीशीच.

प्रात्यक्षिकातील ‘अज्ञात’

वरील चिकित्सेचा आपल्या महाविद्यालयांशी थेट संबंध आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याला ‘अज्ञात’ संवर्धन दिले जाते. हे अज्ञात खरे पाहता केवळ विद्यार्थ्यालाच अज्ञात असते. ते वर्षभर हाताळलेल्या आठ-दहा संवर्धनांपैकीच एक असते आणि परीक्षकाच्या कागदावर त्याचे उत्तर लिहिलेले असते. तक्त्यात न बसणारे निरीक्षण आले तर विद्यार्थी निरीक्षण बदलतो, नाव बदलत नाही. चतुर विद्यार्थी तर आधी शेजाऱ्याकडून नाव काढतो आणि मग त्यानुसार अधिक-उणे चिन्हे भरतो. ही केवळ परीक्षेतील लबाडी म्हणून सोडून देता येणार नाही. लालसर नसलेल्या वसाहतीला ऱ्होडोटोरुला म्हणणे हे याच प्रशिक्षणाचे फळ आहे.

याला उपाय खर्चिक नाही. रोगकारक जीव पदवी वर्गात आणण्याचा प्रश्नच नाही. सॅकरोमायसेस, ऱ्होडोटोरुला, मायकोबॅक्टेरियम स्मेग्माटिस किंवा फ्लेई यांसारखी निरुपद्रवी संवर्धने पुरेशी आहेत. त्यांत प्रतिवर्षी एखादे संवर्धन असे ठेवावे की ज्याचे नाव छापील तक्त्यात नाही आणि ‘या कसोट्यांनी ओळख निश्चित होत नाही, पुढील अमुक कसोटी आवश्यक’ या उत्तराला पूर्ण गुण द्यावेत. परीक्षकांना हे पटविणे विद्यार्थ्यांना पटविण्यापेक्षा अवघड जाईल, असा अंदाज आहे. उत्तरपत्रिकेतील एकवाक्यता आणि नियामकाचे प्रश्न उपस्थित होतील. तरीही अभ्यास मंडळांनी याचा विचार करावा.

अहवालाच्या बाबतीतही अशीच एक माफक मागणी आहे. नावाखाली एक ओळ असावी : कोणती पद्धत, माहितीसाठ्याची कोणती आवृत्ती, साम्य किती आणि नाव जातीचे आहे की समूहाचे. वाचणाऱ्या डॉक्टरला ही ओळ दहापैकी नऊ वेळा लागणार नाही.

शेवटचा मुद्दा जतनाचा. कोरियातील १९९६ सालचे संवर्धन कोणीतरी टिकवून ठेवले म्हणून २०११ साली त्याचे खरे नाव कळले. दिल्लीतील १०२ संवर्धनेही जपली गेली होती, म्हणून पुन्हा तपासता आली. आपल्याकडे अहवाल गेला की प्लेट निर्जंतुक करून टाकून देण्याची पद्धत आहे आणि जागेच्या व विजेच्या अडचणी पाहता सर्व संवर्धने ठेवणे शक्यही नाही. मात्र ज्यांचा गुणांक कमी आला, ज्यांचे दोन पद्धतींनी दोन निकाल आले, ज्यांचे नाव त्या रुग्णाशी वा त्या प्रदेशाशी विसंगत वाटले, तेवढी तरी ग्लिसरॉलमध्ये घालून उणे सत्तर अंशांवर ठेवता येतील. वर्षाकाठी ती एका डब्यात मावतील एवढीच भरतील. ज्या महाविद्यालयाजवळ असा शीतक आहे त्याने जवळच्या रुग्णालयाशी, जैवसुरक्षेचे नियम पाळून, याबाबत करार करण्यास हरकत नसावी. त्या डब्यातील नळ्यांवर नावाऐवजी क्रमांक, तारीख आणि नमुन्याचा प्रकार एवढेच लिहावे.